एकाच प्रेमकथेत दोन घरे वेगवेगळ्या ठिकाणी का हसतात?

अर्धविराम

गेल्या महिन्यात मी एक नर्मविनोदी प्रेमकथा चित्रपटगृहात दोनदा पाहिली; पहिल्यांदा माहेरच्या मंडळींबरोबर आणि आठवड्याभराने सासरच्या मंडळींबरोबर. चित्रपटाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की चर्चा नायिकेच्या अभिनयावर आणि गाण्यांवर घसरते, आणि मला विचारायचे आहे ते प्रेक्षकांविषयी. कथा नेहमीचीच आहे. दोन वेगळ्या भाषा बोलणारी, वेगळ्या धर्तीच्या घरांत वाढलेली दोन माणसे प्रेमात पडतात आणि मग ती दोन्ही घरे एकमेकांसमोर येतात. निम्मे संवाद एका भाषेत, निम्मे दुसऱ्या भाषेत आणि खाली सबटायटल्स. माझे स्वतःचे लग्नही दोन भाषांमधले असल्यामुळे मी जरा कान टवकारूनच बसले होते, हे आधीच कबूल करते.

एक प्रसंग सांगते. नायिका सासूला पहिल्यांदा भेटायला जाते, तेव्हा तिने त्या घरच्या भाषेतले एक वाक्य घोकून नेलेले असते. दारात उभी राहून ती ते म्हणते खरे, पण एका शब्दाचा उच्चार चुकतो आणि ‘तुम्हाला भेटून आनंद झाला’ याऐवजी ‘तुम्हाला विकून आनंद झाला’ असे काहीतरी होऊन बसते. सासू चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारते, ‘किती आले?’ माहेरच्यांबरोबर पाहिलेल्या खेळाला हशा आला तो नायिकेच्या चुकीवर, आणि तो इतका मोठा होता की सासूचे उत्तर त्यात पार बुडून गेले. सासरच्यांबरोबरच्या खेळाला त्या चुकीपाशी नुसती खसखस पिकली आणि ‘किती आले?’ या दोन शब्दांवर आमची अख्खी रांग पुढे वाकून हसली. एका घराने सुनेची फजिती पाहिली आणि दुसऱ्याने सासूचा हजरजबाबीपणा.

दुसरा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. उत्तरार्धात तीच सासू सुनेच्या माहेरी जाते आणि तिथल्या भाषेत, आपल्या मूळ भाषेचा सगळा हेल घेऊन, अडखळत बोलते. त्या दृश्याला माझे काका डोळे पुसत हसत होते. माझे यजमान माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी हातातल्या तिकिटाची घडी घातली, तिची पुन्हा घडी घातली, आणि दृश्य संपेपर्यंत ते तिकीट नखाएवढे झाले होते. परत येताना ते एवढेच म्हणाले, ‘आज तुम्ही सगळे माझ्या आईला हसलात.’ खरे सांगायचे तर माझ्या सासूबाईंवर आमच्या घरात सर्वाधिक लोभ कोणाचा असेल, तर तो त्याच काकांचा आहे.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, हसण्याची जागा बदलते ती चित्रपटाच्या लेखनामुळे, की शेजारच्या खुर्चीत कोण बसले आहे त्यामुळे? या चित्रपटाला प्रेक्षकांनी दिलेले गुणही विचित्र आहेत. दहापैकी दहा देणारे पुष्कळ, एक देणारेही पुष्कळ आणि मध्ये जवळजवळ शुकशुकाट. ही माणसे एकच चित्रपट पाहत आहेत ना, अशी शंका येते.

तिसरी घंटा

माझे अर्धे आयुष्य हौशी रंगभूमीवर आणि विंगेत गेले आहे, त्यामुळे उत्तर थोडे त्याच अंगाने देतो. हशा ही एकेका माणसाची गोष्ट नसून ती रांगेची गोष्ट असते. अंधारात बसलेला प्रेक्षक विनोद ऐकतो, मग अर्धा क्षण थांबून शेजारी कोणी हसते आहे का याचा कानोसा घेतो आणि नंतर हसतो. हे इतके झटपट होते की त्याचे त्यालाही कळत नाही. घरी एकटे बसून तोच चित्रपट पाहिला तर माणूस फार तर नाकातून हसतो. म्हणून प्रेक्षागृहात ज्या बाजूची माणसे जास्त, त्या बाजूचा हशा आधी उठतो आणि पुढच्या वाक्याला गिळून टाकतो. आपल्या माहेरच्यांना ‘किती आले?’ आवडले नाही असे नव्हे. त्यांना ते ऐकूच आले नाही.

नाटकात याला उपाय असतो. हशा चढून उतरणीला लागला की नट पुढचे वाक्य टाकतो. लवकर टाकले तर हशा वाक्य खातो आणि उशिरा टाकले तर जागा पडते. चित्रपटाला ही सोय नाही, कारण संकलकाने एकदा ठरवलेला विराम प्रत्येक खेळाला तेवढाच राहतो. मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नटांनी १९३५ सालच्या आपल्या ‘ए नाइट अॅट द ऑपेरा’मधले प्रवेश चित्रीकरणापूर्वी रंगमंचावर प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर करून पाहिले होते ते यासाठीच, कुठे किती हसतात ते बघायचे आणि तेवढी जागा मोकळी ठेवायची. पण तो हिशेब एका प्रकारच्या प्रेक्षकाचा असतो. आपल्या चित्रपटाला दोन प्रकारचे प्रेक्षक आहेत आणि विराम मात्र एकच आहे.

त्यातच सबटायटल्सची भर पडते. वाचणाऱ्याला विनोद बोलणाऱ्याच्या आधी कळतो, कारण दोन ओळी पडद्यावर एकदम उमटतात आणि नट मात्र अजून वाक्याच्या मध्यावर असतो. पुढच्या वेळी कान देऊन ऐका; भाषा न येणारे आधी हसतात आणि भाषा येणारे मागून हसतात, आणि मागून हसणाऱ्यांना वाटत राहते की हे लोक आमच्या माणसाचे बोलणे पुरते होण्याआधीच त्याला हसले. निम्मा गैरसमज तिथे होत असावा असे मला वाटते.

बाकी या कथाप्रकाराला प्रेक्षक कसे पावतात याचा दाखला जुना आहे. १९२२ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अॅन निकोल्स या लेखिकेचे ‘एबीज आयरिश रोझ’ नावाचे नाटक आले. ज्यू मुलगा, आयरिश कॅथलिक मुलगी आणि दोन हट्टी बाप, एवढीच त्याची पुंजी होती. समीक्षकांनी ते पुरते झोडपले आणि प्रेक्षकांनी त्याचे २,३२७ प्रयोग होऊ दिले. त्या प्रेक्षागृहात अनेकांच्या मनात आपापल्या घरचा असाच एखादा हट्टी बाप असणार.

मागची रांग

तिसरी घंटा यांचे विवेचन सुंदर आहे, पण त्यात सगळे खापर शेजाऱ्यावर आणि सबटायटल्सवर फुटले आणि लेखक नामानिराळा सुटला, असे मला वाटते. मीही हा चित्रपट पाहिला आहे असे वर्णनावरून वाटते, आणि माझा आक्षेप सरळ आहे. ‘किती आले?’ या प्रसंगात सासू विनोद करते. हेल काढून बोलण्याच्या प्रसंगात सासूवर विनोद होतो. पहिल्यात ती समोरच्यापेक्षा हुशार आहे आणि दुसऱ्यात तिला आपण हास्यास्पद दिसतो आहोत याचा पत्ताच नाही. हा फरक प्रेक्षकांनी केलेला नाही. तो कागदावरच झालेला आहे. अर्धविराम यांच्या यजमानांनी तिकिटाच्या घड्या दुसऱ्या प्रसंगात घातल्या, पहिल्यात नव्हे, हे मला पुरेसे बोलके वाटते.

या प्रकारच्या चित्रपटांत लेखक दोन चुका आलटून पालटून करतात. पहिली म्हणजे परक्या घरातील सगळी माणसे अर्कचित्रे आणि आपल्या घरातील तेवढी माणसे. दुसरी नेमकी उलटी. परका इतका निर्दोष रंगवायचा की त्याला नाकारायला कारणच उरू नये. १९६७ सालच्या ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मध्ये सिडनी पॉइटिए यांनी रंगवलेला कृष्णवर्णीय जावई नामांकित डॉक्टर, सुसंस्कृत, संयमी आणि दिसायला देखणा आहे. दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर यांचा त्यामागचा विचार असा होता की, आक्षेप उरलाच तर तो फक्त कातडीच्या रंगाचा उरावा. युक्तिवाद म्हणून हे चोख आहे. पण त्या काळातही अनेकांनी विचारले की, परक्याला उंबरठा ओलांडायला देवमाणूस असणे का भाग पडावे? चारचौघांसारखा, थोडा आळशी, थोडा विसराळू जावई का चालू नये? अर्थात त्या वर्षाचे भानही ठेवले पाहिजे. अमेरिकेतल्या १६ राज्यांमध्ये तोवर शिल्लक असलेली आंतरवंशीय विवाहबंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी रद्द केली आणि चित्रपट त्याच वर्षीच्या डिसेंबरात पडद्यावर आला. त्याआधी हॉलिवूडने स्वतःच घालून घेतलेल्या आचारसंहितेत तर १९३० पासून गोऱ्या आणि काळ्या माणसांमधल्या प्रेमसंबंधाचे चित्रण निषिद्धच होते आणि ते कलम १९५६ साली निघाले. जिथे प्रेम दाखवायचीच चोरी होती, तिथे त्याच्यावर हसायला शिकायला वेळ लागणारच.

दोन्ही बाजूंची टोपी सारखीच उडवणे हा मार्ग काहींनी निवडला आणि तो चाललाही. स्पेनमध्ये २०१४ साली ‘ओचो अपेयिदोस बास्कोस’ हा चित्रपट आला. दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियाचा एक अंदालुसियन तरुण उत्तरेकडच्या, वेगळी भाषा असलेल्या बास्क प्रांतातल्या मुलीसाठी आपण बास्क असल्याचे सोंग आणतो, अशी ती गोष्ट. ९० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो चित्रपटगृहात जाऊन पाहिला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये चार मुलींच्या चार वेगळ्या वंश-धर्मांच्या जावयांवरचा एक विनोदी चित्रपट आला आणि त्याची १ कोटी २० लाखांहून अधिक तिकिटे खपली. पण या दोहोंमध्ये मला स्पॅनिश चित्रपट उजवा वाटतो, कारण तिथे सोंग आणणारा प्रेक्षकांसमोर सतत उघडा पडण्याच्या बेतात असतो आणि हशा त्याच्या घाबरगुंडीवर येतो. फ्रेंच चित्रपटात पुष्कळ ठिकाणी नुसत्या वंशावरच विनोद करून मोकळे व्हायचे धोरण आहे. सगळ्यांना सारखेच टोमणे मारले म्हणजे न्याय झाला, हे मला पटत नाही. टोमणा खाऊन घरी जाणाऱ्या प्रत्येकाचे घर सारखे सुरक्षित नसते.

अर्धविराम

दोघांचेही आभार. ‘सासू विनोद करते’ आणि ‘सासूवर विनोद होतो’ हा भेद माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि आता तो आल्यावर इतर दृश्येही वेगळी दिसू लागली आहेत. नायक आईशी फोनवर बोलताना वाक्याच्या मध्येच भाषा बदलतो आणि त्याचा आवाज एकाएकी दहा वर्षांच्या मुलासारखा होतो, त्या दृश्याला दोन्ही खेळांना सारखाच हशा होता. मात्र एक शंका राहते. हेलाचा प्रसंग कागदावरच वाईट असेल, तर सासरच्या मंडळींनी दुसऱ्या खेळाला त्यावर नाराज व्हायला हवे होते. ती नाराज झाली नाहीत. दोघी नणंदा तर हसल्या.

दोन ओळी

मी सबटायटल्स लिहिण्याचे काम करते, त्यामुळे तिसरी घंटा यांनी माझ्या व्यवसायावर जो ठपका ठेवला आहे तो मान्य करून काही भर घालते.

आम्हाला एका वेळी दोन ओळी मिळतात आणि त्या सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाहीत. त्यात अर्थ बसतो, पण हेल बसत नाही. एखादे पात्र परकी भाषा अडखळत, व्याकरणाच्या चुका करत बोलते, तेव्हा आमच्यासमोर दोनच वाटा असतात. चुका तशाच लिहाव्यात, तर पात्र अडाणी दिसते. शुद्ध लिहावे, तर विनोद जातो. मी बहुधा शुद्ध लिहिते. मग भाषा न येणारा प्रेक्षक हसतो कशाला? तर नुसत्या आवाजाला. म्हणजे बोलणाऱ्याने काय म्हटले हे त्याने वाचून घेतलेले असते, त्यात हसण्यासारखे काही नसते, आणि तरीही तो हसतो. आपल्या यजमानांना जे बोचले ते हे असावे. आणि आपल्या नणंदा हसल्या त्याचे कारण मला वेगळे वाटते. त्यांना त्या चुकांमागची मूळ भाषा ऐकू येते. आपल्या भाषेतला वाक्प्रचार शब्दशः उचलून दुसऱ्या भाषेत टाकला की तो कसा विचित्र दिसतो, हे फक्त दोन्ही भाषा येणाऱ्यालाच कळते. काका आणि नणंदा एकाच क्षणी हसले असतील, पण ते दोन वेगळे विनोद होते.

भाषेच्या अडचणीवरचा, कोणालाही कमी न लेखणारा विनोद शोधायचा झाला, तर मला १९८१ सालच्या ‘एक दूजे के लिए’मधले लिफ्टमधले गाणे आठवते. नायक तमिळभाषक, नायिका हिंदीभाषक आणि गाण्याचे बोल जवळजवळ सगळे हिंदी चित्रपटांच्या नावांचे. भाषा न येणाऱ्याकडेही ती नावे असतात आणि प्रेक्षकाकडेही असतात, त्यामुळे गाणाऱ्याच्या तुटपुंज्या हिंदीला कोणी हसत नाही. पुढचे नाव कोणते येते याची मौज दोघेही बरोबरीने घेतात. आनंद बक्षी यांच्या त्या गाण्याचे सबटायटल्समध्ये काही होऊ शकत नाही. नावांची भाषांतरे केली तर ती नावे राहत नाहीत आणि तशीच ठेवली तर अर्थ राहत नाही. (तो चित्रपट शेवटी शोकांतिका आहे, हे ठाऊक आहे. मी फक्त लिफ्टपुरते बोलते आहे.)

हिशेबनीस

मूळ प्रश्नातल्या गुणांच्या भागाला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. महाजालावर स्वतःहून गुण देणारे प्रेक्षक म्हणजे सगळे प्रेक्षक नव्हेत. ज्याला चित्रपट ठीकठाक वाटला तो घरी जाऊन झोपतो. ज्याला अत्यानंद झाला किंवा ज्याचे डोके फिरले, तोच मोबाइल उघडतो. त्यामुळे दोन टोके उंच आणि मधला भाग खोलगट दिसणे यात नवल नाही, आणि विषय ओळखीचा, आपल्या समाजाचा असला की ती टोके आणखी उंचावतात. परीक्षणे एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोजसारख्या संकेतस्थळावर तर जी टक्केवारी दिसते ती गुणांची सरासरी नसून, किती टक्के परीक्षणे अनुकूल आहेत एवढेच ती सांगते. शंभर जणांना चित्रपट जेमतेम बरा वाटला तरी ती शंभर टक्के दाखवील.

आवडणे आणि खपवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे एक ठळक उदाहरण आहे. अमेरिकेत १९७२ साली सीबीएस वाहिनीवर ‘ब्रिजेट लव्ह्ज बर्नी’ ही कॅथलिक-ज्यू जोडप्यावरची विनोदी मालिका सुरू झाली. त्या हंगामात प्रेक्षकसंख्येत ती पाचव्या क्रमांकावर होती आणि तरीही एका हंगामातच बंद झाली, कारण आंतरधर्मीय विवाह असा हसतखेळत दाखवण्याला धार्मिक संघटनांचा, विशेषतः ज्यू संघटनांचा, तीव्र विरोध होता. पाहणारे लाखो होते, पण पत्रे लिहिणारे वेगळे होते. (त्यातले नायक-नायिका पुढे १९७४ साली प्रत्यक्षातही विवाहबद्ध झाले, पटकथाकाराला हे सुचले असते तर कोणी पटवून घेतले नसते.)

आणि उलट बाजूने, २००२ सालचा ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ पाहा. सुमारे ५० लाख डॉलरमध्ये झालेला हा चित्रपट उत्तर अमेरिकेत २४ कोटी डॉलरच्या वर गेला, आणि एकाही आठवड्याअखेरीस तो पहिल्या क्रमांकावर नव्हता. अशी कमाई जाहिरातीने होत नाही. एकाने दुसऱ्याला सांगून, दुसऱ्याने आईला घेऊन जाऊन होते. लेखिका आणि नायिका निया व्हार्डालोस यांनी ती गोष्ट आधी आपल्या एकपात्री प्रयोगात स्वतःच्या कुटुंबावरून रचली होती, आणि मागची रांग यांचा मुद्दा इथे लागू पडतो असे मला वाटते. सगळ्या नातेवाइकांची टर उडवली आहे, पण ती उडवणारी घरातलीच आहे.

मागची रांग

हिशेबनीस, घरातलीच आहे हे प्रेक्षकाला कळले कसे? श्रेयनामावलीतले आडनाव वाचून कोणी हसत नाही. मला वाटते ते तपशिलावरून कळते. बाहेरचा लेखक परक्या घराची चार ठळक लक्षणे उचलतो आणि तीच दोन तास वाजवतो. घरातला लेखक असे काहीतरी दाखवतो जे बाहेरच्याला सुचणेच शक्य नसते, म्हणजे दोन भावंडांमध्ये कोण कोणाशी कशावरून बोलत नाही वगैरे. अर्धविराम यांनी सांगितलेले फोनवरच्या आवाजाचे दृश्य मला त्या जातीचे वाटते. हेलाचे दृश्य बाहेरून आलेले आहे.

अर्धविराम

या चर्चेनंतर मी एक उद्योग केला. चित्रपट आता घरी पाहता येतो, म्हणून रविवारी सासूबाईंना दाखवला. खोलीत मी, यजमान आणि त्या. ‘किती आले?’ला त्या नुसत्या हसल्या नाहीत, तर पुढे काय उत्तर द्यायला हवे होते तेही त्यांनी सुनेच्या वतीने सांगितले, आणि ते चित्रपटातल्यापेक्षा चांगले होते.

हेलाचे दृश्य आले तेव्हा मी पडद्याकडे न पाहता यजमानांकडे पाहत होते, आणि ते आईकडे पाहत होते. सासूबाई अर्धा मिनिट अगदी गप्प होत्या. मग त्यांनी मला ते दृश्य मागे न्यायला सांगितले, पुन्हा ऐकले आणि आणखी एकदा मागे न्यायला लावले. मला वाटले, आता दुखावल्या. त्या म्हणाल्या, ‘ही बाई आपल्याकडची नाही. आपण असले तर हा शब्द इथे तोडत नाही, पुढच्यात मिसळतो.’ आणि त्यांनी ते अख्खे वाक्य, त्याच चुका करत, पण योग्य हेलात म्हणून दाखवले.

यजमान इतके हसले की चित्रपट थांबवावा लागला. उरलेला अर्धा तास आम्ही अजून पाहिलेला नाही.